विशेष्यामागून येणारे विशेषण

ताडोबा-अंधारीच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर पर्यटकांना वाट दाखविण्याचे काम करणारा एक तरुण, उद्यानाचा गाभा पर्यटनासाठी बंद असतो त्या पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा सदुपयोग व्हावा म्हणून, दर रविवारी चंद्रपुरास माझ्याकडे स्पॅनिश शिकावयास येऊ लागला, तेव्हा त्याने सोबत आणलेल्या वहीच्या पहिल्याच पानावर मला ‘ला तिएर्रा रोखो’ हे शब्द दिसले. ‘तिएर्रा’ म्हणजे माती आणि ‘रोखो’ म्हणजे तांबडा. शब्द त्याने अचूक पाठ केले होते, त्यांचा क्रमही बरोबर लावला होता, आणि तरीही ती जोडी चुकली होती, कारण स्पॅनिशमध्ये माती स्त्रीलिंगी आहे आणि तिच्याजवळ ‘रोखो’ला नव्हे तर ‘रोखा’ला जागा आहे. मी त्याला एवढेच विचारले, की ‘तांबडा माती’ असे तू कधी म्हणशील काय? तो क्षणभर थांबला, मग त्याने वही आपल्याकडे ओढली, आणि प्रत्येक नामापूर्वी लिहिलेले पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ पाहत पाहत पानावरच्या बहुतेक जोड्या कोणाच्याही साहाय्यावाचून दुरुस्त केल्या.

त्याचे पुस्तक इंग्रजीतून लिहिलेले होते, आणि चुकीचे मूळ त्यातच होते. इंग्रजीत विशेषणाला लिंग नाही, वचन नाही. काळा घोडा, काळी गाय आणि काळी वासरे या सर्वांना तेथे एकच शब्द पुरतो, आणि म्हणून इंग्रजी वाचकासाठी लिहिणाऱ्या ग्रंथकाराला, विशेषण नामाप्रमाणे आपले रूप पालटते ही गोष्ट एखादे परदेशी नवल सांगावे तशी सविस्तर, नियम आणि अपवाद यांच्या कोष्टकांसह सांगावी लागते. मराठी माणसाला त्या नवलाची गरज नाही. ज्या व्यवहाराची रुजुवात त्याच्या कानाने शाळेत जाण्यापूर्वीच केलेली आहे, तोच व्यवहार पुन्हा परक्या भाषेच्या दफ्तरातून शिकावयास गेल्यास अवगत असलेली विद्या विसरण्याची आपत्ती ओढवते. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या विद्यार्थ्यांना, मार्गदर्शकांना किंवा नुसत्या जिज्ञासू गृहस्थांना स्पॅनिश शिकावयाची आहे, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की विशेषणाचे प्रकरण तरी त्यांनी मराठीच्या दारातून शिकावे.

मराठी व्याकरणात विशेषणाने ज्याचा गुण सांगितला जातो त्या नामाला विशेष्य म्हणतात, आणि विशेषणांचे विकारी व अविकारी असे दोन भाग पडतात, हे आपण शालेय पुस्तकात वाचलेले असते. आकारान्त विशेषणे विकारी: काळा बैल, काळी गाय, काळे वासरू. लाल, सुंदर, कठीण, हुशार ही अविकारी: लाल बैल, लाल गाय, लाल वासरू. आता या नियमातील ‘आ’च्या जागी ‘ओ’ ठेवावा, की स्पॅनिशचे अर्धे प्रकरण हाती येते. ओकारान्त विशेषण लिंगानुसार पालटते: ‘नेग्रो’ म्हणजे काळा, ‘नेग्रा’ म्हणजे काळी, ‘नेग्रोस’ म्हणजे काळे आणि ‘नेग्रास’ म्हणजे काळ्या. ज्यांच्या शेवटी ‘ए’ किंवा व्यंजन असते, ती बहुतेक विशेषणे लिंगाला जुमानत नाहीत: ‘एल बोस्के बेर्दे’ हिरवे रान, ‘ला ओखा बेर्दे’ हिरवे पान. वास्तविक आपली व्यवस्था याहून अवघड आहे. आपल्याकडे ‘काळे’ हे रूप अनेकवचनी बैलांचेही आणि एका वासराचेही. ‘काळी’ हे रूप एका गाईचेही आणि अनेक वासरांचेही. शिवाय विभक्ती लागली की ‘काळ्या बैलाला, काळ्या गाईला’ असे सामान्यरूप वेगळेच. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही, नामाला व विशेषणाला विभक्तीचा विकार नाही, आणि चार रूपांपैकी प्रत्येकाची नेमणूक ठरलेली आहे. ज्याने लहानपणी आपली मराठी निभावून नेली, त्याने या चार रूपांना भिण्याचे काहीच कारण नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार जवळची वाटते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा महाग्रंथ 1911 साली, आणि ते ग्रंथ आपल्या परिचयाचे असतात. परंतु त्यांच्याही पूर्वी, 1778 साली, रोम येथे मराठीचे एक लहानसे व्याकरण छापले गेले, आणि ते पोर्तुगीज भाषेत, म्हणजे स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीत, मिशनऱ्यांसाठी लिहिलेले होते. ज्या लेखकाच्या स्वतःच्या भाषेत विशेषण नामाबरोबर आपले रूप पालटते, त्याला आपले काळा-काळी-काळे समजून घेताना फारसे श्रम पडले नसतील असे मला वाटते. त्या वाटेने आज उलट दिशेला जावयाचे आहे इतकेच.

उच्चाराबद्दल दोनच गोष्टी सांगणे अवश्य आहे. स्पॅनिशमध्ये आपले ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण नाहीत. तेथील ‘त’ आणि ‘द’ जिभेचे टोक दातांना टेकवून उच्चारावयाचे असतात, म्हणून नकाशात ‘कोस्टा’ असे छापलेले नाव ‘कोस्ता’ असे म्हणावे. झाडीपट्टीतील ज्या मुलाला ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटल्याबद्दल वर्गात हिणवले जाते, त्याच्या जिभेला या भाषेत एका अक्षराचाही त्रास होणार नाही, आणि ही गोष्ट शिक्षकांनी त्याला मुद्दाम सांगावी. दुसरे असे, की ज्या अक्षराचा उच्चार स्पेनच्या मोठ्या भागात ‘थ’कडे झुकतो, तेथे मी अमेरिका खंडात सर्वत्र चालणारा ‘स’ लिहिला आहे.

आता जेथे मराठी कान दगा देतो त्या स्थळांकडे वळू. पहिले स्थळ अनेकवचनाचे. ‘सुंदर मूल’ आणि ‘सुंदर मुले’ यांत आपले ‘सुंदर’ जागचे हलत नाही. अविकारी म्हणजे सर्वस्वी अविकारी असा आपला शिरस्ता आहे. स्पॅनिशमध्ये मात्र लिंगापुरती माफी मिळालेल्या विशेषणालाही वचनाचा कर भरावाच लागतो. ‘बेर्दे’चे ‘बेर्देस’ होते, ‘फासिल’ म्हणजे सोपा याचे ‘फासिलेस’, ‘खोबेन’ म्हणजे तरुण याचे ‘खोबेनेस’. स्वरान्ताला ‘स’, व्यंजनान्ताला ‘एस’, एवढाच तो कर. पण मराठी विद्यार्थी तो हटकून बुडवतो आणि ‘लोस बोस्केस बेर्दे’ असे म्हणून मोकळा होतो. व्यंजनान्तांतही दोन गट असे आहेत, की जे स्त्रीलिंगी ‘आ’ जोडून घेतात: एक देशवाचक विशेषणांचा, जसे ‘एस्पान्योल’ आणि ‘एस्पान्योला’, दुसरा ‘त्राबाखादोर’ म्हणजे कष्टाळू यासारख्या ‘दोर’ने संपणाऱ्यांचा, ज्याचे स्त्रीरूप ‘त्राबाखादोरा’. याउलट जी मुळात नामे असून रंगांच्या कामी येतात, ती संत्र्याची ‘नारांखा’ किंवा गुलाबाची ‘रोसा’, लिंगानुसार पालटत नाहीत. आपलेही नारिंगी आणि गुलाबी हे शब्द तसेच स्थिर राहतात.

दुसरे स्थळ अधिक धोक्याचे आहे, कारण तेथे चूक नियमाची नसून ओळखीची असते. विशेषण नामाचे लिंग पाहून चालते. परंतु ते लिंग स्पॅनिश नामाचे असले पाहिजे, आपल्या मनातील मराठी नामाचे नव्हे. आपली नदी स्त्रीलिंगी, त्यांचा ‘रीओ’ पुल्लिंगी. म्हणून वैनगंगेचे रुंद पात्र दाखविताना ‘एल रीओ आंचो’ म्हणावे लागते. आपली वाट स्त्री, त्यांचा ‘कामिनो’ पुरुष. आपला चंद्र पुरुष, त्यांची ‘लुना’ स्त्री, आणि पौर्णिमेचा चंद्र म्हणजे ‘ला लुना येना’, शब्दशः भरलेली चंद्रिका. ज्या नगराच्या नावातच चंद्र आहे तेथील माणसाला हे थोडे चमत्कारिक वाटेल, पण ते मान्य करावे. घर, पान, फूल, दूध, पाणी ही आपली नपुंसकलिंगी कुटुंबे तिकडे बहुतेक स्त्रियांच्या बाजूला जातात: कासा, ओखा, फ्लोर, लेचे, आग्वा. झाड मात्र, म्हणजे ‘आर्बोल’, पुल्लिंगी आहे. आल्लापल्लीच्या रानातील सागवानाला ते ‘ला तेका’ म्हणतात, आणि तो शब्द पोर्तुगिजांनी मलबारच्या किनाऱ्यावरून नेलेला आहे. म्हणून जुना साग ‘तेका बिएखा’ होतो. बांबू पुल्लिंगी: ‘एल बांबू सेको’, वाळलेला बांबू; अनेक असतील तर ‘लोस बांबुएस सेकोस’.

यावर माझी तजवीज अशी आहे, की कोरडे नाम कधीही पाठ करू नये. त्याच्यापुढे ‘एल’ किंवा ‘ला’ आणि त्याच्यामागे एक ओकारान्त-आकारान्त विशेषण, असे तीन शब्दांचे कुटुंब एकत्र लिहावे आणि एकत्रच म्हणावे. ‘मानो’ म्हणजे हात एवढेच पाठ केले, तर शेवटचा ‘ओ’ पाहून पुढे केव्हातरी फसगत होईल. ‘ला मानो पेकेन्या’, लहान हात, असे पाठ केले, तर हा शब्द ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी आहे ही खूणगाठ आपोआप बसते. तसेच ‘एल दीआ लार्गो’, लांबलचक दिवस, आणि ‘एल मापा न्वेबो’, नवा नकाशा, हे आकारान्त दिसणारे पुरुष. पाण्याची कैफियत सर्वांत विचित्र. ‘आग्वा’ स्त्रीलिंगी आहे, पण आरंभीच्या आघातयुक्त ‘आ’मुळे त्याच्या लगतपूर्वी ‘ला’ न येता ‘एल’ येते. विशेषण मात्र त्या वेषांतराला भुलत नाही आणि ‘एल आग्वा फ्रीया’ असे स्त्रीरूपच राखते. अनेकवचनात ते वेषांतरही गळून पडते: ‘लास आग्वास फ्रीयास’.

ज्यांच्याजवळ कोणतेही पुस्तक नाही त्यांनी शाळेतील जगाचा नकाशा भिंतीवरून उतरवून घ्यावा. विशेषणांचे याहून चांगले पाठ्यपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका हा देश आहे आणि त्याच्या पूर्वेस समुद्रात पुएर्तो रिको हे बेट आहे. दोन्हींचे विशेषण एकच, ‘रिको’ म्हणजे संपन्न. परंतु ‘कोस्ता’, म्हणजे किनारा, स्त्रीलिंगी म्हणून ती ‘रिका’ झाली, आणि ‘पुएर्तो’, म्हणजे बंदर, पुल्लिंगी म्हणून ते ‘रिको’ राहिले. ही जोडी ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिली त्याला लिंगसंगतीही कळली आणि विशेषण विशेष्यामागून येते हेही कळले. मोरोक्कोतील कासाब्लांका म्हणजे पांढरे घर; ‘ब्लांको’ नव्हे, ‘ब्लांका’. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॉलराडो म्हणजे तांबूस, आणि ते नाव मुळात नदीचे, म्हणजे स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी ‘रीओ’चे, नेवाडा म्हणजे हिमाच्छादित, आणि ते मुळात ‘सिएर्रा’ या स्त्रीलिंगी पर्वतरांगेचे. फ्लॉरिडा म्हणजे फुललेली. 1513 साली हुआन पोन्से दे लेओन याने ईस्टरच्या सुमारास त्या भूमीला हे नाव दिले. नाम गळून गेले, विशेषण मागे राहिले, आणि त्याच्या शेवटच्या स्वरावरून नाहीशा झालेल्या नामाचे लिंग आजही ओळखता येते. मुंबईचे सांताक्रूझ पोर्तुगिजांचे आहे, पण पवित्र क्रूस दोन्ही बहिणींमध्ये स्त्रीलिंगी म्हणून ‘सांता’. साधू पुरुष असला तर स्पॅनिशमध्ये बहुधा ‘सान’, जसे सान फ्रान्सिस्को. आणि अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस, म्हणजे चांगले वारे: विशेषणही अनेकवचनी, नामही अनेकवचनी. परंतु येथे विशेषण पुढे आले आहे, आणि चौकस वाचक लगेच विचारील, की असे का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्रातून जितके नीट देता येते तितके इंग्रजी पुस्तकातून देता येत नाही. विशेषण दोन कामे करते. एक, पुष्कळांतून एकाला वेगळे काढणे: रस्त्यावर अनेक वाहने आहेत, त्यांतील पांढरे. दुसरे, जो गुण वस्तूत असल्याचे सर्वांना ठाऊकच आहे तो गौरवाने किंवा भावनेने उच्चारणे: शुभ्र हिम, शीतल चंद्र. पहिले व्यावर्तक, दुसरे भूषणात्मक. मराठीत दोन्ही विशेषणे नामापूर्वीच बसतात आणि भेद केवळ संदर्भाने कळतो. नामानंतर विशेषण आले की आपण त्याला विधिविशेषण म्हणतो, आणि ‘वाघ मोठा’ म्हणताच वाक्य पुरे होऊ पाहते. स्पॅनिशने मात्र या दोन कामांना दोन जागा वाटून दिल्या आहेत. वेगळे काढणारे विशेषण मागे, भूषविणारे किंवा मनातील भाव दाखविणारे पुढे. म्हणूनच काही विशेषणांचा अर्थ जागेबरोबर पालटतो. ‘ओम्ब्रे पोब्रे’ म्हणजे निर्धन माणूस, ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बिचारा माणूस, मग त्याच्या घरी सुबत्ता का असेना. ‘आमिगो बिएखो’ वयाने म्हातारा मित्र, ‘बिएखो आमिगो’ जुना स्नेही. ‘ग्रांदे’ मागे असता आकाराने मोठा. पुढे आले, की ‘ग्रान’ असे आखूड होऊन थोर या अर्थाचे होते. ‘ब्वेनो’ आणि ‘मालो’ हेही पुल्लिंगी एकवचनी नामापूर्वी ‘ब्वेन’ आणि ‘माल’ असे आखडतात. स्त्रीलिंगी ‘ब्वेना’ आणि ‘माला’ यांना काही होत नाही. संख्याविशेषणे आणि दर्शक विशेषणे मराठीप्रमाणेच पुढे राहतात. नवशिक्याने पहिले वर्षभर प्रत्येक गुणविशेषण बिनदिक्कत मागे ठेवावे. त्यात अर्थाची हानी क्वचितच होते.

आमच्या मुलखात मराठी हीच सर्वांची मातृभाषा नाही, आणि शिकविणाऱ्याने याची दखल घेतली नाही तर तो अर्ध्या वर्गावर अन्याय करील. गोदावरीच्या काठी सिरोंच्याकडे पुष्कळ घरांत तेलुगू चालते. तेथे ‘मंचि’, म्हणजे चांगला, हे विशेषण मुलापुढे, मुलीपुढे आणि घरापुढे एकाच रूपात येते. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांची बंगालीही तशीच: ‘भालो छेले, भालो मेये’, मुलगा असो वा मुलगी, ‘भालो’ तेच. या घरांतील मुलांना घरच्या भाषेचे बोट धरून स्पॅनिश विशेषण शिकता येणार नाही. त्यांनी शाळेत कष्टाने मिळविलेल्या मराठीचे बोट धरावे, कारण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ हे त्यांनी एकदा जाणीवपूर्वक शिकलेले असते, आणि जाणीवपूर्वक शिकलेल्या गोष्टी पुष्कळदा अधिक विश्वासाने परक्या भाषेत नेता येतात. भामरागड आणि एटापल्लीकडील माडिया मुलांची गोष्ट वेगळी आहे. गोंडी आणि माडियामध्ये पुरुष व देव एका वर्गात, आणि स्त्रिया, पशू, वृक्ष व वस्तू दुसऱ्या वर्गात, असा विभाग असतो. नामांचे वर्ग असतात हे त्या मुलाला सांगावे लागत नाही. स्पॅनिशमध्ये दगड, झाडे व नद्या यांचीही दोन्ही वर्गांत वाटणी केलेली आहे, एवढे मात्र सांगावे लागते.

शास्त्रशुद्ध शिक्षण ज्यांना हवे आहे त्यांच्यासाठी बल्लारशाहवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही दिशांना व्यवस्था आहे: दक्षिणेस हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ, उत्तरेस दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दोन्ही ठिकाणी स्पॅनिशचे अध्यापन होते, आणि दिल्लीत स्पेन सरकारची सर्वांतेस संस्थाही आहे.

आता शेवटचे स्थळ, जे रानात काम करणाऱ्यांसाठी मी मुद्दाम राखून ठेवले आहे. विशेषण जेव्हा विधानात येते, तेव्हा आपल्या एका ‘आहे’च्या जागी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदे असतात. वस्तूचा स्वभाव किंवा ओळख सांगावयाची असेल तर ‘एस’. तिची आत्ताची अवस्था सांगावयाची असेल तर ‘एस्ता’. ‘एल मांगो एस बेर्दे’ म्हणजे आंबा हिरव्या रंगाचा आहे. ‘एल मांगो एस्ता बेर्दे’ म्हणजे आंबा अजून कच्चा आहे. ‘एस रिको’ म्हणजे तो श्रीमंत आहे, आणि ताटातील पदार्थाविषयी ‘एस्ता रिको’ म्हणजे तो चविष्ट झाला आहे. विशेषणाचे लिंग आणि वचन दोन्हीकडे कर्त्याप्रमाणेच राहते. मोहर्लीच्या त्या तरुणाला मी हा भेद समजावून देत असता, त्याने आपण होऊन वहीत एक वाक्य लिहिले: ‘एल तिग्रे एस त्रांकिलो’. वाघ शांत आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात एका अक्षराचीही चूक नव्हती. पण त्याचा अर्थ वाघ स्वभावाने शांत प्राणी आहे असा होतो, आणि ते ऐकून एखादा पाहुणा गाडीतून अधिक बाहेर झुकावयाचा. मी पेन्सिलीने ‘एस’ खोडून ‘एस्ता’ लिहिले, म्हणजे वाघ या घटकेला शांत आहे. त्याने ते वाक्य तीन वेळा मोठ्याने म्हटले, आणि लगेच खाली, मी न सांगता, वाघिणीसाठी दुसरे लिहिले: ‘ला तिग्रेसा एस्ता त्रांकिला’.